भाचीचं नाव ठेवायचंय आणि अक्षर आलंय 'ङ'

उंबरठा
मंडळी, मदत हवी आहे. धाकट्या भावाला मुलगी झाली. बारसं पुढच्या रविवारी. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पाठीत धपाटे खायचा मानही माझाच, त्याची तयारी आहे. नावाची नाही.

गुरुजींनी पत्रिका मांडली. आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण. आर्द्राची अक्षरं कु, घ, ङ, छ. तिसरं कोणतं ते तुम्हीच मोजा. वहिनीच्या आईला नावरस नावच, म्हणजे या अक्षरावरूनच हवंय. वहिनीला दोन किंवा तीन अक्षरी हवंय आणि वर्गात त्याच नावाच्या आणखी चौघी नकोत. भावाला 'बाहेर गेली तरी लोकांना म्हणता आलं पाहिजे' असं हवंय (बाळ अजून मान धरत नाही). बाबांना कुलस्वामिनीचं हवंय. आजी, म्हणजे बाळाची पणजी, वय ८८, काही बोलत नाही. नुसती बघते.

नेटवरच्या याद्या वाचून डोकं भणभणलंय. सगळ्या नावांचा अर्थ 'देवीचं एक रूप' किंवा 'सूर्याचा किरण'. सुचवा. आणि तुमची नावं कशी पडली तेही सांगा.

दोनओळी
'ङ' वरून एकच शब्द माहितीये. अंकलिपीतला. 'ङ काहीच नाही.'
अभिनंदन आत्याबाई!

तिखटजाळ
हस्त नक्षत्रात 'ण' आहे, उत्तराभाद्रपदात 'ञ'. माझ्या मुलाचं हस्त, तिसरा चरण. आम्ही गुरुजींना विचारलं, ते म्हणाले 'बघू'. तो आता नववीत आहे.

कोशकिडा
तिखटजाळ, गुरुजींनी बघायला हवं होतं. यावर जुना तोडगा आहे. ङ, ञ, ण ही अक्षरं नावाच्या सुरुवातीला येत नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड धरावीत असा श्लोकच आहे. २७ नक्षत्रं गुणिले ४ चरण, एकूण १०८ खाने भरायचे होते, त्यात ही तीन अक्षरं अडकली. तेव्हा उंबरठाताई, तुमचा 'ङ' म्हणजे 'ग'. गार्गी, गौरी, गायत्री, रान मोकळं आहे.

आता नाव कसं असावं यावर आपल्याकडे जेवढा काथ्याकूट झालाय तेवढा सोयरिकीवरही झाला नसेल. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे चक्क व्याकरणाच्या ग्रंथात, मुलाचं नाव कसं ठेवावं ते आहे. पहिलं अक्षर घोष वर्णाचं, म्हणजे ग, ज, द, ब असं घुमणारं. मध्ये य, र, ल, व पैकी काहीतरी. दोन किंवा चार अक्षरं. वरच्या तीन पिढ्यांतल्या कुणाची आठवण देणारं, आणि शत्रूच्या घरात असलेलं नको. हे सगळं व्याकरण शिकण्याचा फायदा म्हणून सांगितलंय. व्याकरण येत नसेल तर पोराचं नाव नीट ठेवता येणार नाही, म्हणून शिका! आश्वलायन गृह्यसूत्र म्हणतं की मुलांची नावं सम अक्षरांची, मुलींची विषम.

आणि गंमत ऐका. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलींशी लग्न करू नये याची यादी आहे. त्यात नक्षत्राचं नाव असलेली, झाडाचं नाव असलेली, नदीचं नाव असलेली. आता आपापल्या आज्या आठवा. गंगा, गोदा, कृष्णा, भागीरथी, चंद्रभागा, रोहिणी, रेवती, तुळसा. महाराष्ट्रात कुणाचं लग्नच झालं नसतं.

जुनाखोका
माझी एक आजी यमुना, दुसरी कावेरी. आजोबांनी मनू वाचला नव्हता हे आमचं नशीब.

भीमेकाठी
कोशकिडा, मनू काढलाच आहे तर दुसरा अध्यायही उघडा. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं 'जुगुप्सित'. म्हणजे ऐकणाऱ्याला किळस यावी असं. नावात काय आहे असं विचारणाऱ्यांना मी हा श्लोक दाखवते. सगळंच नावात आहे. माणूस समोर यायच्या आधी त्याची जागा कळावी ही सोय होती.

आमच्या घरातलं सांगते. पणजोबा धोंड्या, त्यांचे भाऊ कचरू आणि सटवा. आजोबांचं नाव शाळेत मास्तरांनी मनाला येईल तसं लिहिलं. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला होते. त्यानंतर आमच्या घरात जी मुलं जन्मली त्यांची नावं बघा: गौतम, सिद्धार्थ, सुजाता, आनंद, राहुल, संघमित्रा. एका पिढीत घरातली हाकच बदलली. सुजाता म्हणजे जिने उपाशी सिद्धार्थाला खीर दिली ती. संघमित्रा म्हणजे अशोकाची मुलगी, धम्म घेऊन सिंहलद्वीपाला गेली ती. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, पण घरातल्या प्रत्येक नावामागची गोष्ट तिला पाठ होती. आमच्याकडे कुणी याद्या शोधल्या नाहीत. नाव ठेवणं म्हणजे आम्ही आता कोण आहोत ते सांगणं होतं.

आणि मिलिंद. आज हे नाव सगळ्या समाजांत आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की तेवढंच. पण पाली ग्रंथातला मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारून विचारून भंडावणारा. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५०मध्ये जे कॉलेज काढलं त्याला पुढे हेच नाव मिळालं. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला, यापेक्षा चांगलं काय असणार.

मिलिंदच_आहे_मी
४६ वर्षं मी भुंगा म्हणून जगलो. आज कळलं मी ग्रीक आहे. बायकोला सांगतो.

पाटावरवंटा
भीमेकाठी, फार आवडलं. कचरू, धोंडू यांत एक दुसराही धागा आहे, तो सगळ्या जातींत सापडतो. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवायचं. सटवाईची नाहीतर काळाची नजर पडू नये म्हणून. दगडू, धोंडू, केरबा. बाळाला केरात लोळवून उचलायचं, की तो केरबा. सुपात घालून दुसरीकडून मागून आणल्यासारखं करायचं, की भिकू किंवा भिकाजी. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे मुलगी समजून काळ पुढे जाईल, तो नथू. पेशव्यांच्या घरातही धोंडोपंत होते, सत्तावन्नच्या उठावातले नानासाहेब तेच. आणि धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले. नाव लागू पडलं म्हणायचं.

मात्र भीमेकाठी म्हणतात तो फरक राहतोच. कोकणातला धोंडो मोठा होऊन धोंडोपंत व्हायचा. तुमचे पणजोबा धोंड्याच राहिले.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं उकर्डा नाव हाय बाप्पा, अजूनबी सापडते. उकिरड्यावर नेऊन ठेवायचं अन् आणायचं. माया आजोबाचे दोन मित्र, एक उकर्डा अन् एक गजानन. शेगाव जवळ असल्यावर दर चार घरांत एक गजानन ठरलेलाच. अन् तुकडोजी महाराजांचं घरचं नाव माणिक होतं, ते किती लोकांले माहीत हाय? माणिकचा तुकड्या झाला तो गुरूच्या कृपेनं. बाकीचे लोक उलटं करतेत.

नदीपल्याड
ओबडधोबड नाव प्रेमापोटी ठेवलेलं असतं तिथवर ठीक. पण साताऱ्याकडे 'नकुसा' होत्या ना. नको असताना झालेली. दोन-तीन मुलींवर पुन्हा मुलगी झाली की नकुसा किंवा नकोशी, म्हणजे पुढचा मुलगा होईल. ऑक्टोबर २०११मध्ये जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींची नावं बदलली. मी त्या वेळी त्या भागात शिकवत होते. आमच्या वर्गातल्या नकुसानं नवीन नाव निवडलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला मी नवं नाव पुकारलं तर 'हजर' म्हणायला तिला वेळ लागला. मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठली. घरी मात्र जुनंच चालू होतं, ते तिनंच सांगितलं.

उंबरठा
बापरे. मी गंमत म्हणून धागा काढला होता. वाचतेय सगळं.
कोशकिडा, 'ग'चं गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, 'हो हो, तेच सांगणार होतो.'

जुनाखोका
😀 सगळे गुरुजी एकाच शाळेतले.

गडावरचा_वारा
देवांवरून नावं सगळेच ठेवतात, पण आपल्याकडे ती पंचक्रोशीप्रमाणे बदलतात. नाव ऐकून जत्रा ओळखता येते. खंडू, मल्हारी, मार्तंड, म्हाळसा म्हणजे जेजुरी. जोतीराम, केदार म्हणजे कोल्हापूरचा जोतीबा. भैरू, म्हसू तर गावच्या वेशीवरचेच. पांडुरंग, रखमा, नामदेव, तुकाराम म्हणजे घरात माळ. मंगेश, नागेश, शांता म्हणजे गोव्याला मूळ, मग आता राहायला डोंबिवलीत का असेना.

आणि पिराजी, फकिरा, सुलतानजी, हैबतराव, दौलतराव? अर्धी मराठा सरदारमंडळी फारसी-अरबी नावांची. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. त्याच घरात पुढच्या पिढीत शिवनेरीच्या शिवाईवरून शिवाजी. पीर आणि देवी एकाच वंशावळीत बसले आणि कुणाला काही खटकलं नाही. आता शुद्ध संस्कृत नावाचा आग्रह धरणाऱ्यांनी 'बाजीराव'चं काय करायचं ते कळवावं.

किनारपट्टी
त्यात आमच्या रायगड जिल्ह्याची भर. अलिबागच्या आसपासचे बेने इस्राएली ज्यू, तेल काढायचा धंदा, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. त्यांची नावं बायबलमधली, पण मराठी तोंडात शिजलेली. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल एझिकिएल दिवेकर. यांना लोक म्हणायचे सामाजी हसाजी दिवेकर. सामाजी! रामाजी, सामाजी, दोघं शेजारी बसले तर कोण कुठल्या देवाचा ते कळायचं नाही. 'जी' लावला की झाला आपला.

कोशकिडा
किनारपट्टी, हे रत्न आहे. नावाला मातीचा वास लागतो तो असा.

म्युनिकची_सून
उंबरठाताईंच्या भावासाठी लिहितेय. आमची मुलगी इथे जर्मनीत झाली. इथे नोंदणी कार्यालयात नाव सांगावं लागतं आणि नाव विचित्र वाटलं तर ते अडवू शकतात. आम्ही भीत भीत गेलो. नंतर कळलं की या बाबतीत आपल्याच एका नावानं इथला कायदा हलवलाय. एका भारतीय मुळाच्या कुटुंबाला मुलीचं नाव 'किरण' ठेवायचं होतं. कार्यालय म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, सोबत मुलीचं म्हणून ओळखू येईल असं दुसरं नाव द्या. प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २००८मध्ये निकाल लागला की नावातून लिंग कळलंच पाहिजे असा काही कायदा नाही, मुलाचं अहित होत नसेल तर आईबापांची निवड चालेल.

आपल्याकडे किरण, सुहास, शिरीष यांवर कुणी कोर्टात गेलं असतं का? माझ्या वर्गात दोन किरण होते, एक मुलगा आणि एक मुलगी. बाई 'शेंडीवाली किरण' आणि 'बिनशेंडीचा किरण' म्हणायच्या, संपला विषय.

भावाला एवढंच सांगा की ज्ञ, क्ष, ळ आणि शेवटचं 'शित' टाळा. माझ्या ऑफिसातल्या अक्षितनं पहिल्याच आठवड्यात नाव 'अक्षय' करून घेतलं.

तिखटजाळ
'बाहेर काय म्हणतील' म्हणून सगळ्यांनी मायरा, कियारा, शायरा ठेवली. आता आमच्या सोसायटीत खाली उभं राहून 'आयरा' हाक मारली की सात खिडक्या उघडतात. वेगळं नाव वेगळं नाव करत सगळे एकाच दुकानात शिरले.

कोशकिडा
आणि अर्थ! नेटवरचे अर्थ कोण लिहितं हे मला एकदा बघायचंय. परवा एकानं विचारलं, अमुक नावाचा अर्थ 'विष्णूचा अंश' लिहिलाय, खरं का? मी आपट्यांचा कोश उघडला, मोल्सवर्थचा उघडला, शब्दच नाही. 'अंश' लावला की झाला कुणाचा तरी अंश. उलट ज्यांना अर्थ आहे ती नावं अर्थ न बघता ठेवली जातात. अनामिका म्हणजे करंगळीशेजारचं बोट. तनया, तनुजा, आत्मजा तिन्हींचा अर्थ 'मुलगी'. म्हणजे मुलीचं नाव मुलगी. अपर्णा म्हणजे जिनं तपात पानंसुद्धा खायची सोडली ती, उपास न झेपणाऱ्या तीन अपर्णा माझ्या नात्यात आहेत.

नावांची जुळणी बघायची तर आळंदीची चार भावंडं बघा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. वेगवेगळी सुंदर आहेत, ओळीनं म्हटली तर वाटच आहे. वाळीत टाकलेल्या आईबापांनी ठेवलेली नावं आहेत ही, हे लक्षात घेऊन वाचा.

टेबलखुर्ची
कोरडं पण कामाचं. जन्मनोंदीच्या टेबलावर काही वर्षं बसलोय.
जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नाव ठरलं नसेल तरी. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घाईनं 'बेबी ऑफ' वगैरे लिहून विसरू नका. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी क्रम असा: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. इंग्रजी स्पेलिंग घरी कागदावर लिहून आणा आणि दोघांनी वाचून सही करा. अंकशास्त्रवाल्यानं सांगितलेले जास्तीचे दोन 'ए' पुढे पासपोर्टपर्यंत छळतात. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, आणि मग राजपत्रात जाहिरात द्यायला येतात तेव्हा मुलगी लग्नाची झालेली असते.

नदीपल्याड
आईचं नाव आलं ते बरं झालं. पण आईचं नाव म्हणजे कुठलं? माझ्या आईचं माहेरचं नाव वेगळं. सासरी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. माहेरच्या नावानं हाक मारणारी शेवटची माणूस तिची बहीण. मावशी गेली त्या दिवशी आई म्हणाली, आता मला त्या नावानं ओळखणारं कुणी नाही.

उंबरठा
नदीपल्याड, तुमचं वाचून उठले आणि आजीला विचारलं, तुझं माहेरचं नाव काय होतं? आम्हाला ती सुशीलाच माहीत. ती म्हणाली, 'गोदा.'

गोदा! 'ग' वरून! दोन अक्षरी, अंगणवाडीत दुसरी असायची शक्यता नाही, जर्मनांनाही म्हणता येईल. पतंजलीची तीन पिढ्यांची अटसुद्धा ओढूनताणून बसतेय. माझ्या अंगावर काटा आला. भावाला फोन केला, त्यानं वहिनीला दिला, वहिनी रडली. सगळं ठरलं. धाग्याचे आभार!!

जुनाखोका
वा वा वा. सुरेख.

म्युनिकची_सून
डोळे भरून आले.

भीमेकाठी
आजींना विचारलंत का?

पाटावरवंटा
+१. आणि अशी जुनी नावं फिरून येतातच की. सई, रमा, मुक्ता या माझ्या लहानपणी म्हाताऱ्यांच्या होत्या, आता बालवाडीत आहेत.

उंबरठा
भीमेकाठी, विचारलं नव्हतं. काल विचारलं.

आजी म्हणाली, 'माझं नाव नको. मला ते तेव्हाही आवडत नव्हतं. आमच्या वाड्यात चार गोदा होत्या. मोठी गोदा, धाकटी गोदा, चकणी गोदा आणि मी काळी गोदा. सुशीला झाले ते बरं झालं, सुशीला एकटीच होते.'

आता बोला. आम्ही सगळे तिचं नाव परत मिळवून द्यायला निघालो होतो आणि तिला ते नको होतं.

दोनओळी
😂😂
चार आयरा, चार गोदा. काळ कुठे बदललाय?

नदीपल्याड
मीही हसले. माझ्या आईला जे हरवल्यासारखं वाटतं त्यातून तुमच्या आजी सुटल्या म्हणायच्या. विचारल्याशिवाय कळत नाही हेच खरं.

तिखटजाळ
मग आता? रविवार परवावर आलाय.

उंबरठा
ठरलंय. पण पाळण्याआधी नाव फोडायचं नसतं. सोमवारी सांगते.

दोनओळी
निदान पहिलं अक्षर?

उंबरठा
नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आत्यानं भाव खायचाच असते बाप्पा, राहू द्या.

उंबरठा
झालं बारसं. कुंची, बाळलेणं, गोविंद घ्या गोपाळ घ्या, सगळं साग्रसंगीत. हरभऱ्याच्या घुगऱ्या कमी पडल्या. माझी पाठ अजून दुखतेय, वहिनीच्या माहेरच्यांचा हात जड आहे.

नाव रेवा. दाखल्यावरही हेच, स्पेलिंग टेबलखुर्चींच्या सांगण्याप्रमाणे घरी लिहून नेणार. रेवा म्हणजे नर्मदा. आजोबांनी साठीनंतर परिक्रमा केली होती, काठी अजून माळ्यावर आहे. आजी त्या काळात घरी एकटी होती आणि रोज पोस्टमनची वाट बघायची. हे नाव तिनंच सुचवलं. नदीच आहे, म्हणजे मनूच्या यादीनुसार ही पोरगी बाद. अजून लग्नाला अवकाश आहे.

व्यवहारात मात्र ती आठ दिवसांतच 'चिंगी' झाली आहे. लोकमान्यांचं पाळण्यातलं केशव मागे पडून 'बाळ'च राहिलं, तिथे आमचं काय.

राहता राहिलं नावरस. ते नुसतं कानात सांगायचं असतं, कुठे लिहायचं नसतं. 'ग' वरून. मी वाकून सांगितलं आणि कुर्रर्र केलं. पाळण्यापासून लांब खुर्चीत बसलेली आजी, जिला एरवी दाराची बेल ऐकू येत नाही, ती म्हणाली, 'कानात काय सांगितलंस गं?'
'नदीचंच, आजी.'
'कुठल्या?'
मी घुगऱ्या आणायला आत गेले.